मिशिगनचा ऑगस्ट

२ ऑगस्ट २०२२ च्या रात्री मिशिगनच्या तेराव्या काँग्रेस मतदारसंघात डेमोक्रॅटिक पक्षाचा उमेदवार ठरवणारी प्राथमिक निवडणूक संपली आणि श्री ठाणेदार यांच्या नावापुढे २८ टक्के मतं दिसली. बेळगावात वाढलेला, मराठीत बोलणारा-लिहिणारा माणूस डेट्रॉईटमधून वॉशिंग्टनला जाणार, हे त्याच रात्री ठरलं. खरी निवडणूक अजून तीन महिने लांब होती, पण या मतदारसंघात डेमोक्रॅट उमेदवार नोव्हेंबरात हरत नाही. पुढे झालंही तसंच, त्यांना ७० टक्क्यांहून जास्त मतं पडली. मराठी घरांमध्ये त्या बातमीचा आनंद झाला आणि तो रास्त होता. तरी तो २८ चा आकडा मनातून जाईना. डेमोक्रॅटिक पक्षाच्या त्या मतपत्रिकेवर नऊ नावं होती. मिशिगनमध्ये दुसरी फेरी नसते. ज्याला सगळ्यांत जास्त मतं, तो जिंकला, मग ती निम्मी असोत की पाव. ठाणेदारांना मिळालेली मतं साधारण २२,००० होती. मतदारसंघात माणसं पावणेआठ लाख. बाकीची मतं आठ जणांत विखुरली, त्यातले बरेचसे उमेदवार कृष्णवर्णीय होते, आणि १९५५ मध्ये चार्ल्स डिग्स काँग्रेसमध्ये गेल्यापासून पहिल्यांदाच डेट्रॉईटला काँग्रेसमध्ये कृष्णवर्णीय प्रतिनिधी उरला नाही. जिथे चारातली तीनहून अधिक माणसं कृष्णवर्णीय आहेत, त्या शहरात हे घडलं.

यात नियम कुणीच मोडला नव्हता.

म्हणूनच हा प्रश्न उमेदवारांपाशी थांबत नाही, मतदारसंघांच्या नकाशापाशी जातो. आणि मिशिगनचा हा नकाशा तर अमेरिकेतल्या सर्वांत प्रामाणिक प्रयत्नांपैकी एक मानला जातो. आधी त्यामागचं गणित पाहू. २०२० च्या जनगणनेत मिशिगनची लोकसंख्या १,००,७७,३३१ भरली आणि राज्याच्या वाट्याला १३ जागा आल्या. एका मतदारसंघात ७,७५,१७९ माणसं. साठ-सत्तरच्या दशकांत याच राज्याला १९ जागा होत्या. नंतरच्या प्रत्येक दशकात एक-दोन गळत गेल्या, कारण देशातली माणसं दक्षिणेकडे आणि पश्चिमेकडे वाढली. डेट्रॉईटची गळती त्याहून मोठी. १९५० मध्ये साडेअठरा लाखांचं असलेलं हे शहर २०२० मध्ये ६,३९,१११ वर आलं. म्हणजे अख्खं डेट्रॉईट आज एका मतदारसंघात मावतं आणि वर सव्वा लाखाहून जास्त माणसं बाहेरून आणावी लागतात. पण शहराचे दोन भाग करून प्रत्येकाला उपनगरं जोडायची, ही इथली जुनी रीत. त्यातून शहराला एकाऐवजी दोन आवाज मिळतात, असा हिशेब. दोन्ही भागांत कृष्णवर्णीय मतदार निम्म्याहून जास्त राहिले तोवर तो चाललाही.

आजचा तेरावा मतदारसंघ रस्त्यावर उतरून पाहिला की हा हिशेब किती नाजूक आहे ते कळतं. डेट्रॉईटच्या पूर्व टोकाला आल्टर रोड आहे. त्याच्या एका अंगाला जळालेली, ओस पडलेली घरं आणि गवत माजलेले रिकामे प्लॉट. दुसऱ्या अंगाला ग्रोस पॉइंट पार्क, विटांची देखणी घरं, कापलेली हिरवळ आणि पुढे लेक सेंट क्लेअरचं पाणी. २०१४ मध्ये ग्रोस पॉइंट पार्कने केर्शेव्हल रस्त्यावर नेमक्या हद्दीपाशी शेतमाल बाजाराची शेड उभारली आणि डेट्रॉईटकडून येणारी वाटच अडली. केवढा गहजब झाला होता तेव्हा. आता रस्त्याच्या या दोन्ही बाजू एकाच मतदारसंघात आहेत. शहराच्या पोटातच हॅमट्रॅमॅक नावाचं वेगळं चिमुकलं शहर आहे. पूर्वी तिथे पोलंडहून आलेले मोटार कामगार राहत, आज येमेनी आणि बांगलादेशी कुटुंबं आहेत. जुन्या पोलिश बेकऱ्यांच्या आसपास बंगाली मिठाईची दुकानं दिसतात, आणि २००४ पासून तिथे भोंग्यावरून अजान होते. दक्षिणेला लिंकन पार्क, टेलर अशी कारखान्यांच्या कामगारांची, मुख्यतः गोऱ्यांची गावं. या सगळ्यांनी मिळून ऑगस्टमध्ये एक नाव निवडायचं. नोव्हेंबरात ही माणसं पुष्कळ अंशी एकाच पक्षाला मत देतात. ऑगस्टमध्ये मात्र प्रत्येकाचा उमेदवार वेगळा असतो.

याच्या आधीचा, २०११ चा नकाशा रिपब्लिकन बहुमताच्या विधिमंडळाने केला होता. त्यातला चौदावा मतदारसंघ ग्रोस पॉइंटपाशी सुरू होऊन डेट्रॉईटमधून वळसे घेत थेट पाँटियाकपर्यंत जायचा. युक्ती जुनीच आहे. विरोधकांची मतं मोजक्या जागांत कोंबायची, म्हणजे तिथे ते ८० टक्के मतं घेऊन जिंकतात आणि आजूबाजूच्या जागांवर ४५ टक्के घेऊन हरतात. २०१२ मध्ये राज्यभर डेमोक्रॅट उमेदवारांना एकूण मतं जास्त पडली, पण १४ पैकी जागा मिळाल्या ५. पुढे महिला मतदार संघटनेच्या खटल्यात नकाशा करणाऱ्यांचे ईमेल बाहेर आले. एकात डेमोक्रॅट मतदारांना सरळ ‘कचरा’ म्हटलं होतं आणि तो चारच मतदारसंघांत कसा कोंबता येईल याची चर्चा होती. एप्रिल २०१९ मध्ये तीन न्यायाधीशांनी तो नकाशा घटनाबाह्य ठरवला. दोनच महिन्यांनी सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या खटल्यात सांगितलं की, पक्षीय फायद्यासाठी केलेली आखणी हा केंद्रीय न्यायालयांनी सोडवायचा प्रश्नच नाही, आणि मिशिगनचा निकालही त्यात वाहून गेला.

पण मिशिगन तोवर न्यायालयासाठी थांबलं नव्हतं. नोव्हेंबर २०१६ मध्ये केटी फेही या विशीतल्या मुलीने फेसबुकवर दोन ओळी टाकल्या होत्या, की मला मिशिगनमधल्या या अन्याय्य आखणीवर काही करायचंय, कोण येतंय बरोबर? त्यातून चळवळ उभी राहिली. नकाशा आखायचं काम विधिमंडळाकडून काढून नागरिकांच्या आयोगाला देणारी घटनादुरुस्ती मतपत्रिकेवर आणायला ३,१५,६५४ सह्या हव्या होत्या. पगारी माणसं न लावता स्वयंसेवकांनी चार लाखांहून जास्त गोळा केल्या. २०१८ मध्ये ६१ टक्के लोकांनी होकार दिला. त्यातून आलेल्या आयोगाची घडण मला आजही थोर वाटते. सदस्य १३: चार डेमोक्रॅट, चार रिपब्लिकन, पाच कुठल्याच पक्षाशी न बांधलेले. मागच्या सहा वर्षांत निवडणूक लढवलेला, पक्षाचा पदाधिकारी राहिलेला किंवा लॉबिंग केलेला माणूस चालत नाही, त्याचे जवळचे नातेवाईकही नाहीत. नऊ हजारांवर अर्ज आले. त्यातून २०० जणांची यादी झाली, विधिमंडळाच्या नेत्यांना त्यातली २० नावं कापायचा अधिकार होता, आणि उरलेल्यांतून ऑगस्ट २०२० मध्ये चिठ्ठ्या काढल्यासारखी १३ नावं निघाली. नकाशा मंजूर व्हायला नुसतं बहुमत पुरत नाही. दोन डेमोक्रॅट, दोन रिपब्लिकन आणि दोन अपक्ष यांचा होकार त्यात असावाच लागतो.

निकषांचा क्रमही घटनेतच लिहिला आहे आणि तो क्रमच निर्णायक ठरतो. सर्वांत आधी समान लोकसंख्या आणि वंशावरून कुणाची मतं दुबळी होऊ न देणारा मताधिकार कायदा. मग मतदारसंघ सलग हवा. तिसऱ्या जागी समान हितसंबंध असलेल्या वस्त्या, म्हणजे ज्यांचं जगणं एकमेकांत गुंतलंय त्यांना तोडायचं नाही. चौथ्यावर कुठल्याही पक्षाला अवाजवी फायदा नको. विद्यमान खासदाराची सोय किंवा अडवणूक नको, हे पाचवं. काउंटी आणि शहरांच्या हद्दी सहाव्या, आणि आकाराचा आटोपशीरपणा अगदी शेवटी. त्यामुळे नकाशा पाहून कुणी ‘केवढा वेडावाकडा आहे’ म्हणालं तर ते गाऱ्हाणं सातव्या क्रमांकाचं ठरतं. आयोगासमोर लोक येऊन आपापल्या वस्तीचं वर्णन करायचे: कुठल्या शाळेत मुलं जातात, बाजार कुठला, कुठल्या नदीचं पाणी कुणाकडे वाहतं. नकाशांना झाडांची नावं दिली होती. २८ डिसेंबर २०२१ ला ‘चेस्टनट’ नावाचा काँग्रेसचा नकाशा आठ विरुद्ध पाच मतांनी मंजूर झाला.

पक्षीय समतोल मोजायला आयोगाने जी मापं वापरली, त्यातलं एक वाया गेलेल्या मतांचं आहे. हरलेल्या उमेदवाराची सगळी मतं वाया, आणि जिंकलेल्याची विजयासाठी लागणाऱ्या मतांच्या वरची सगळी वाया. राज्यभर दोन्ही पक्षांची अशी वाया गेलेली मतं जितकी सारखी, तितका नकाशा समतोल. माप रास्त आहे, पण डेट्रॉईटला लावलं की काय होतं? ९० टक्के डेमोक्रॅट असलेल्या शहरात वाया जाणारी मतंच जास्त. ती उपयोगी पडावीत म्हणून शहर उपनगरांत विरघळवायचा मोह होतो. दुसरीकडे आयोगाच्या तज्ज्ञांचं म्हणणं पडलं की, कृष्णवर्णीय मतदार निम्म्याहून कमी, अगदी ४० टक्क्यांच्या आसपास असले तरी त्यांच्या पसंतीचा उमेदवार निवडून येतो. हे खरं होतं, पण नोव्हेंबरच्या आकड्यांवरून. नोव्हेंबरात उपनगरातला गोरा डेमोक्रॅट आणि शहरातला कृष्णवर्णीय डेमोक्रॅट एकाच नावावर खूण करतात. ऑगस्टमध्ये ते एकमेकांविरुद्ध मत देऊ शकतात, आणि ऑगस्टचा पुरेसा विदा आयोगापाशी नव्हता. बाराव्या आणि तेराव्या, दोन्ही मतदारसंघांत कृष्णवर्णीयांचं प्रमाण पन्नासच्या खाली आलं. काँग्रेसच्या नकाशाला या मुद्द्यावर न्यायालयाने हात लावला नाही, पण राज्य विधिमंडळाच्या डेट्रॉईट परिसरातल्या १३ जागा डिसेंबर २०२३ मध्ये रद्द झाल्या. वंशाच्या आकड्यांवर बेतून रेषा ओढल्या, असा ठपका आला.

बेळगावच्या माणसाला रेषा म्हणजे काय हे कुणी शिकवावं लागत नाही. १९५६ मध्ये ओढलेल्या एका रेषेने तिथल्या मराठी घरांच्या दोन-तीन पिढ्यांचं राजकारण ठरवून टाकलं. त्याच मातीतल्या माणसाला दुसऱ्या खंडात, दुसऱ्यांच्या रेषेने दार उघडलं. ठाणेदारांचा यात दोष काढता येत नाही. नियमाने उभे राहिले, स्वतःचा पैसा घालून लढले, जिंकले, २०२४ मध्ये पुन्हा जिंकले. पण डेट्रॉईटमधल्या एखाद्या म्हाताऱ्या बाईने, जिने जॉन कॉनयर्स या डेट्रॉईटच्या कृष्णवर्णीय खासदारांना पाच दशकं काँग्रेसमध्ये पाहिलं, ‘आमचं कुणी नाही तिथे’ असं म्हटलं तर तिचं दुःख मराठी माणसाला न कळायला काय झालं?

याच नकाशाने दुसरीकडे जे मोकळं केलं तेही तितकंच खरं आहे. तिसरा मतदारसंघ घ्या, ग्रँड रॅपिड्सचा. डच सुधारणावादी चर्चचं हे शहर. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले जेराल्ड फोर्ड इथूनच निवडून जायचे. नव्या आखणीत ग्रँड रॅपिड्स आणि मिशिगन सरोवराकाठचं मस्कीगन एकत्र आले. २०२२ च्या ऑगस्टमध्ये रिपब्लिकन खासदार पीटर मायर यांना त्यांच्याच पक्षाच्या मतदारांनी पाडलं, कारण त्यांनी जानेवारी २०२१ मध्ये ट्रम्प यांच्यावरच्या महाभियोगाला होकार दिला होता. जिंकलेले जॉन गिब्ज नोव्हेंबरात सोपे पडतील म्हणून डेमोक्रॅटिक पक्षाने त्यांना उपकारक ठरेल अशी जाहिरात चालवायला चार लाख डॉलरहून जास्त खर्च केले होते. अंदाज बरोबर निघाला, डेमोक्रॅट हिलरी शोल्टन मोठ्या फरकाने आल्या. मला मात्र ती जाहिरात आजही खुपते. तत्त्वासाठी स्वतःची जागा पणाला लावणारा माणूस पाडायला मदत करायची आणि लोकशाहीची काळजी वाहतो म्हणायचं, हे पटण्यासारखं नाही.

दहावा मतदारसंघ म्हणजे मॅकोम काउंटीचा दक्षिण भाग: वॉरन, स्टर्लिंग हाइट्स आणि शेजारचं रॉचेस्टर हिल्स. एट माइल रोड ओलांडून उत्तरेला आलं की एकमजली विटांच्या घरांच्या लांबच लांब ओळी लागतात, दारात पिकअप ट्रक, मागे ट्रेलरवर बोट, आणि मैलभर पसरलेले मोटारींचे कारखाने. १९६० मध्ये या काउंटीने डेमोक्रॅट केनेडींना ६३ टक्के मतं दिली, १९८४ मध्ये रिपब्लिकन रेगन यांना ६६ टक्के. घरं तीच, कामगार संघटना तीच. ही उलथापालथ समजून घ्यायला १९८५ मध्ये जनमत-अभ्यासक स्टॅन ग्रीनबर्ग इथे लोकांशी बोलत बसले आणि ‘रेगन डेमोक्रॅट’ म्हटलं की तेव्हापासून मॅकोम आठवू लागलं. ओबामा इथे दोनदा जिंकले. २०१६ मध्ये ट्रम्प यांना एकट्या मॅकोमने ४८,००० ची आघाडी दिली, जेव्हा अख्ख्या राज्यातली त्यांची आघाडी होती १०,७०४. २०२२ मध्ये दहाव्यात रिपब्लिकन जॉन जेम्स जिंकले ते १,६०० मतांनी. जेम्स कृष्णवर्णीय आहेत. राष्ट्रीय डेमोक्रॅटिक पक्षाने ती जागा जवळपास सोडूनच दिली होती. अशा जागेवर प्रत्येक गल्ली मोजावी लागते, आणि नकाशा करणाऱ्यांना हवं होतं ते हेच.

सातवा आणि आठवा एकत्र पाहावेत. लॅन्सिंगच्या सातव्यातून डेमोक्रॅट एलिसा स्लॉटकिन सिनेटसाठी उभ्या राहिल्या आणि २०२४ मध्ये ती जागा रिपब्लिकन टॉम बॅरेट यांनी घेतली. फ्लिंट, सॅगिनॉ, बे सिटी, मिडलंडच्या आठव्यात वरच्या नावाला ट्रम्प यांना मतं पडली आणि त्याच मतपत्रिकेवर खाली डेमोक्रॅट क्रिस्टन मॅकडोनाल्ड रिव्हेट जिंकल्या. राज्याचंही तसंच: ट्रम्प सुमारे ८०,००० नी पुढे, स्लॉटकिन १९,००० नी. यावरून ‘लाखभर मतदारांनी ट्रम्प आणि स्लॉटकिन दोघांवर खूण केली’ असा अर्थ अनेकांनी काढला. आकडे नीट लावले की चित्र बदलतं. स्लॉटकिनना कमला हॅरिसपेक्षाही साधारण २४,००० मतं कमीच आहेत. स्लॉटकिनविरुद्ध उभे असलेले रिपब्लिकन माइक रॉजर्स मात्र ट्रम्प यांच्यापेक्षा सव्वा लाखाच्या जवळपास मागे पडले. म्हणजे ट्रम्प यांच्यासाठी आलेल्या पुष्कळ माणसांनी सिनेटचा रकाना कोरा ठेवला किंवा तिसऱ्याच नावावर खूण केली. टक्केवारी पाहून हे दिसत नाही, एकूण मतं शेजारी शेजारी मांडावी लागतात.

मतदारसंघाचा एकच आकडा पाहिला की आतलं किती झाकलं जातं, हे बाराव्यात कळतं. डेमोक्रॅट रशीदा तलीब यांची ही जागा सुरक्षित. पण आतल्या, अरब अमेरिकनांची मोठी वस्ती असलेल्या डिअरबॉर्न शहरात २०२४ मध्ये ट्रम्प यांना ४२, हॅरिसना ३६ आणि ग्रीन पक्षाच्या जिल स्टाइन यांना १८ टक्के मतं पडली. गाझाच्या युद्धाचा राग होता. त्याच वर्षी फेब्रुवारीत डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत राज्यभर एक लाखाहून जास्त लोकांनी ‘कुणालाही बांधील नाही’ या पर्यायावर खूण करून तो सांगितलाही होता.

निकालाच्या रात्री होणारी गडबडही लक्षात घ्यावी. मोठ्या शहरांतली टपाली मतं उशिरा मोजून होत, म्हणून डेट्रॉईटच्या वेन काउंटीचे आकडे पहाटे येत आणि लोकांना संशय येई. आता लवकर मतदान आणि टपाली मतांची आधीपासून छाननी सुरू झाल्याने ते अंतर कमी झालंय. २०२० मध्ये उत्तरेच्या अँट्रिम या छोट्या, पक्क्या रिपब्लिकन काउंटीत सुरुवातीला बायडन पुढे दिसले होते. काही गावांच्या मतपत्रिकेत ऐनवेळी बदल झाला होता आणि सगळ्या यंत्रांच्या मेमरी कार्डांत तो भरला गेला नाही, त्यामुळे बेरीज करताना एकाच्या ओळीतली मतं दुसऱ्याच्या नावापुढे गेली. कागदाच्या मतपत्रिका होत्या म्हणून निभावलं. डिसेंबरात हाताने मोजल्या आणि ट्रम्प यांची आघाडी पक्की झाली. त्या चुकीवर पुढे किती खोटं रचलं गेलं हे साऱ्यांना माहीत आहे.

२०२५ मध्ये टेक्सासने दशकाच्या मध्यातच नकाशा बदलला, उत्तरादाखल कॅलिफोर्नियानेही. मिशिगनला तसं करता येत नाही. घटनेने आयोगाचं काम जनगणनेला बांधलंय. पुढचा काँग्रेसचा नकाशा २०३० च्या जनगणनेनंतरच. तोवर १३ पैकी तीन-चार जागा नोव्हेंबरात ठरतील आणि बाकीच्या ऑगस्टमध्ये. ट्रॉय, नोव्हाय, कँटन या डेट्रॉईटच्या उपनगरांतल्या मराठी घरांतून नोव्हेंबरात उत्साहाने मतदान होतं. ऑगस्टमध्ये बरेचजण सुट्टीवर, भारतात किंवा सरोवराकाठी असतात. मिशिगनमध्ये मतदार पक्षनिहाय नोंदलेला नसतो, त्यामुळे ऑगस्टमध्ये कुठल्याही पक्षाच्या निवडणुकीत मत देता येतं. दोन्ही पक्षांचे रकाने एकाच कागदावर शेजारी छापलेले असतात. फक्त एकाच रकान्यात खुणा करायच्या. राज्यपालपदासाठी एका पक्षाचा आणि काँग्रेससाठी दुसऱ्या पक्षाचा उमेदवार निवडला, तर पक्षांचा तो सगळा भाग बाद होतो. न्यायाधीश आणि स्थानिक प्रस्तावांची मतं तेवढी धरतात. केंद्रावर यंत्र अशी मतपत्रिका परत देतं आणि नवी मागून घेता येते. टपालाने पाठवलेली परत येत नाही. आणि नोव्हेंबरात एका गोलाने सगळ्या पक्षाला मत देण्याची जी सोय असते, ती ऑगस्टमध्ये नसते. काँग्रेसच्या नावापर्यंत कागदावर खाली यावंच लागतं.